ढाळावरची घसर : लाँगबोर्डच्या रोधनकलेचा इतिहास आणि तापीकाठचा मुलूख

नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात वसलेले रनाळे हे नंदुरबार तालुक्यातील गाव तापीच्या दक्षिणेकडील काळ्या जमिनीच्या मुलखात येते, आणि या मुलखाचा प्रवासाचा इतिहास पाहिला तर तो उतार शोधण्याचा नसून उतार टाळण्याचा इतिहास आहे, असे दिसते. सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी मार्ग नवापूर, नंदुरबार आणि थाळनेर असा खोऱ्याच्या अंगाने जात असे. फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये याने आपल्या प्रवासवर्णनात याच टप्प्यांची नोंद केली आहे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेकडे सह्याद्रीच्या डोंगररांगा असताना मालाने लादलेल्या बैलगाड्यांनी मधली सखल वाट धरावी, यात नवल नव्हते. एकोणिसावे शतक सरताना सुरतेहून पूर्वेकडे टाकण्यात आलेल्या तापी व्हॅली रेल्वेनेही तीच दिशा घेतली. बैलगाडी आणि आगगाडी या दोन्ही वाहनांच्या आखणीकारांना एक गोष्ट पुरती ठाऊक होती : चढावर वाहन थकते, पण उतारावर ते हाताबाहेर जाते.

जेथे उतार टाळणे शक्य नव्हते तेथे काय करावे लागले, याचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका दाखला बोरघाटाचा आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या रेल्वेमार्गावर काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र ढाळ होता, आणि त्यामुळे केवळ इंजिनाच्या ताकदीचा विचार करून भागत नव्हते. ताबा सुटलेली गाडी मुख्य मार्गावरून वळवून चढत्या रुळांवर नेऊन थांबवणारे आडमार्ग, ज्यांना रेल्वेच्या भाषेत कॅच सायडिंग म्हणतात, ते बांधावे लागले. तरीही १८६९ च्या जानेवारीत उतरणारी एक गाडी घाटातील, गाडीची दिशा उलटवण्यासाठी असलेल्या स्थानकाशी थांबू शकली नाही आणि मोठा अपघात झाला. गाडीवाटांच्या युगात जगभर वापरली जाणारी युक्ती याहून साधी होती : उतारावर एक चाक साखळीने जखडून किंवा त्याखाली लोखंडी पट्टा सरकवून ते फिरू न देता जमिनीवरून घसरत न्यायचे, म्हणजे घर्षणाने गाडीचा वेग आटोक्यात राहतो. फिरणारे चाक वेग वाढू देते आणि घसरणारे चाक वेग खाते, हे तत्त्व त्या युक्तीत आहे; आणि ज्या क्रीडाप्रकाराचा इतिहास येथे सांगावयाचा आहे, त्या लाँगबोर्डवरील स्लाइडचे सारे शास्त्र याच तत्त्वावर उभे आहे.

लाँगबोर्ड म्हणजे नेहमीच्या स्केटबोर्डपेक्षा लांब, बहुधा नव्वद सेंटिमीटर ते एक मीटरच्या आसपास लांबीची, मोठ्या व मऊ चाकांची फळी. ती उड्या मारण्यासाठी नसून अंतर कापण्यासाठी आणि उतार उतरण्यासाठी असते. तिला हाताने दाबण्याचा ब्रेक नसतो. वेग कमी करण्याचे उपाय मोजकेच आहेत : एक पाय खाली सोडून बुटाचा तळ रस्त्यावर घासणे, ज्याला फूटब्रेक म्हणतात, अंग ताठ करून वाऱ्याचा रोध वाढवणे, आणि फळी प्रवासाच्या दिशेला आडवी फिरवून चारही चाके बाजूने घसरू देणे. या तिसऱ्या उपायाचे नाव स्लाइड. पाहणाऱ्याला ती कसरत वाटते आणि चित्रफितींनी तो समज पक्का केला आहे. परंतु तिच्या जन्माचा इतिहास पाहता ती मुळात एक रोधन आहे, म्हणजे वेग मारण्याची रीत आहे.

फळीच्या वंशावळीत पहिले नाव स्केटचे येते. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन याने १८६३ मध्ये, म्हणजे बोरघाटातून आगगाडी धावू लागली त्याच वर्षी, असा चाकांचा बूट तयार केला की तो घालणाऱ्याने शरीराचा भार एका बाजूला टाकला म्हणजे आस तिरपा होऊन बूट त्या बाजूला वळे. आजच्या फळीखाली चाकांचा जो धातूचा जोड असतो, ज्याला ट्रक म्हणतात, त्याचे बीज या रचनेत आहे. ट्रकमधील रबरासारख्या गाद्या, म्हणजे बुशिंग, भाराखाली दबतात आणि फळी वळते. विसाव्या शतकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियातील समुद्रलाटांवर फळीने घसरणाऱ्या तरुणांनी, लाटा नसलेल्या दिवसांसाठी, लाकडाच्या फळीला स्केटची चाके जोडली आणि रस्त्यावर उतरले. १९६३ मध्ये लॅरी स्टीव्हनसन याने मकाहा या नावाने चांगल्या घडणीच्या फळ्या विकण्यास प्रारंभ केला, आणि १९६५ च्या मे महिन्यात लाइफ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर फळीवर हातांवर उभी असलेली पॅट मॅगी झळकली, तेव्हा हा खेळ अमेरिकेभर पोहोचला होता.

पण तो त्याच वर्षी कोसळलाही, आणि त्याचे कारण चाकात होते. त्या काळची चाके आधी पोलादाची आणि पुढे मातीसदृश कठीण मिश्रणाची असत. अशी चाके रस्त्याला धरत नसत. एखादा बारीक खडा आडवा आला तरी चाक जागीच अडे आणि स्वार पुढे फेकला जाई, तर वळणावर तीच चाके कोणतीही पूर्वसूचना न देता निसटत. घसर होती, पण ती स्वाराच्या इच्छेने सुरू होत नव्हती आणि त्याच्या इच्छेने थांबतही नव्हती. दुखापती वाढल्या, डॉक्टरांनी इशारे दिले, अनेक शहरांनी रस्त्यांवर फळी चालवण्यास बंदी घातली आणि दुकानांतील माल पडून राहिला. या पडझडीचा दोष नेहमी तरुणांच्या बेपर्वाईवर टाकला जातो. वास्तविक त्यांच्या पायाखालचे साधनच अपुरे होते, आणि कोणत्याही कौशल्याला त्या साधनावर शिस्त लावणे अवघड होते.

यानंतरचे वळण एका रसायनाने घडवले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर याने १९३७ मध्ये पॉलियुरेथेनचा शोध लावला होता, आणि त्यापासून केलेली चाके अमेरिकेत भाड्याच्या स्केटसाठी वापरून पाहिली जात होती. फ्रँक नॅस्वर्दी या तरुणाने १९७० मध्ये व्हर्जिनियातील पर्सेलव्हिल येथील कारखान्यात ही चाके पाहिली. स्केटच्या गुळगुळीत रिंगणात ती मंद वाटत असत, पण फळीला लावून डांबरी रस्त्यावर नेल्यावर ती खडे गिळून पुढे जात आणि वळणावर रस्त्याला धरून राहत. कॅलिफोर्नियात जाऊन त्याने कॅडिलॅक व्हील्स या नावाने ती विकण्यास सुरुवात केली, आणि काही वर्षांतच मातीची चाके बाजारातून नाहीशी झाली. १९७५ च्या सुमारास बंदिस्त बेअरिंगची चाके आली, म्हणजे सुट्या छऱ्यांऐवजी कवचात बसवलेले छरे; त्याच वेळी खास फळीसाठी घडवलेले रुंद ट्रकही मिळू लागले.

या बदलाचा सर्वांत महत्त्वाचा परिणाम वरवर पाहता उलटा वाटेल असा झाला : चाकांची पकड वाढली म्हणूनच घसर काबूत आली. कठीण चाक एक तर धरते किंवा सुटते. यांच्या मध्ये काही नसते. युरेथेन मात्र दबते, ताणले जाते, हळूहळू सुटू लागते, सुटल्यावरही रस्त्याला घासत राहते, आणि भार पुन्हा नीट टाकला की परत धरते. सुटण्यापासून धरण्यापर्यंतचा हा सगळा टप्पा स्वाराला पायांतून जाणवतो. जे जाणवते ते शिकता येते, आणि स्लाइड शिकवता येण्याजोगी विद्या झाली ती या क्षणापासून.

ती विद्या घडली प्रामुख्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठच्या बर्कली शहरामागील टेकड्यांवर. तेथील वस्तीचे रस्ते अरुंद, वळणांचे आणि तीव्र ढाळाचे आहेत, आणि कोपऱ्यावर मोटार उभी असेल की नाही हे वरून दिसत नाही. अशा ठिकाणी क्लिफ कोलमन यांनी विकसित केलेली आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी कोलमन स्लाइड ही या इतिहासातील मध्यवर्ती घटना मानावी लागेल. तिची रचना पाहण्यासारखी आहे. स्वार खोल बसतो. मागचा गुडघा फळीकडे वळतो. तो आधी चवड्यांच्या बाजूला थोडा वळून मग टाचांच्या बाजूला जोरात वळतो. त्याच वेळी हातमोज्यातला एक हात रस्त्यावर टेकतो आणि फळी आडवी होते. भार फळीवरच राहतो, हात केवळ तिसरा आधार देतो. चाके घासू लागतात, वेग उतरतो, आणि मग मोकळा हात उताराच्या वरच्या दिशेला फिरवून स्वार फळी पुन्हा सरळ करतो. शरीर जमिनीच्या इतके जवळ असते की चूक झालीच तर पडण्यासाठी उंचीच उरत नाही. कोलमन यांनी पुढे कित्येक वर्षे नवशिक्यांना ही रीत शिकवली. तिच्या निर्मितीइतकेच हे काम मोलाचे होते.

सत्तरच्या दशकातच दक्षिणेकडे, सँटा मोनिकाच्या परिसरात, झेफिर दुकानाच्या संघातील मुलांनी हवाईच्या लॅरी बर्टलमन या लाटास्वाराची नक्कल रस्त्यावर केली. बर्टलमन लाटेवर खाली वाकून पाण्याला हात लावत असे. ही मुले डांबराला हात लावून फळी फिरवू लागली, आणि १९७५ च्या डेल मार येथील स्पर्धेत जमलेल्या प्रेक्षकांनी ती शैली प्रथमच पाहिली. बर्कलीची घसर वेग मारण्यासाठी होती, सँटा मोनिकाची घसर शैलीसाठी. दोन्हींमध्ये हात जमिनीवर होता. लाँग बीचजवळच्या सिग्नल हिल येथे १९७५ ते १९७८ या काळात झालेल्या वेगस्पर्धा मात्र तिसऱ्याच वृत्तीच्या होत्या. तेथे सरळ उतारावर जास्तीत जास्त वेग गाठणे एवढाच हेतू होता, आणि गंभीर अपघातांनंतर त्या बंद पडल्या. वेग वाढवण्याची कला वेग मारण्याच्या कलेच्या पुढे धावली म्हणजे काय होते, याचा हा ठळक पुरावा आहे.

या पुराव्यामागील गणित शाळेतील भौतिकशास्त्रापुरतेच आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची ऊर्जा सुमारे नव्वद सेंटिमीटर उंचीवरून पडणाऱ्या माणसाइतकी असते. ताशी ३० ला ती साडेतीन मीटर उंचीवरून पडण्याइतकी होते, आणि ताशी ६० ला चौदा मीटरच्या पुढे जाते. दर शंभर मीटरला पाच मीटर उतरणारा रस्ता डोळ्यांना जवळजवळ सपाट भासतो. तरीही रोध अगदी नगण्य धरला तर त्या शंभर मीटरअखेरीस वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास पोहोचू शकतो. नवशिक्याचा घात बहुधा मोठा घाट करत नाही. तो घराजवळचा ‘साधा’ उतार करतो.

साधनांच्या इतिहासाकडे याच गणिताच्या प्रकाशात पाहावे लागते. सुरुवातीचे हातमोजे म्हणजे कामगारांचे जाड चामडी मोजे होते, ज्यांच्या तळव्यावर कठीण प्लास्टिकचे तुकडे चिकटवलेले असत. पुढे हे तुकडे, ज्यांना पक म्हणतात, चिकटपट्टीने काढता-लावता येऊ लागले, कारण ते झिजतात. त्यांच्यासाठी दाट पॉलिथिलीन वापरले गेले. आणि कित्येकांनी ड्युपाँट कंपनीने १९६७ मध्ये विकसित केलेल्या आणि ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कोरियन या कृत्रिम दगडाचे उरलेले तुकडे कापून घरीच पक बनवले. पकचे काम हाताचे कातडे वाचवण्यापुरते नाही. उघडा तळवा डांबरावर टेकला की तो रुततो, मनगट मुडपते आणि शरीर त्याभोवती फिरते. पक मात्र सरकतो, त्यामुळे हाताचा आधार गतीत मिळतो. मोज्याशिवाय कोलमन स्लाइड अस्तित्वातच येऊ शकत नाही, एवढे त्या दोहोंचे नाते घट्ट आहे.

शिरस्त्राणाची कथा मोटारशर्यतीतून आली. विल्यम ‘पीट’ स्नेल हा शर्यतपटू १९५६ मध्ये डोक्याच्या दुखापतीने मरण पावला, आणि १९५७ मध्ये त्याच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने हेल्मेटच्या कसोट्या ठरवण्याचे काम हाती घेतले. हेल्मेटच्या कवचाखालील फेसाळ थर आघातात चिरडला जाऊन ऊर्जा शोषून घेतो. असा थर एकदा चिरडला की पुन्हा तेच काम करू शकत नाही. म्हणून जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून शाबूत दिसले तरी बदलावेच लागते. मंद सरावासाठी डोक्याची मागची बाजू नीट झाकणारे प्रमाणित हेल्मेट पुरते. वेगाच्या उतारासाठी हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट लागते, कारण स्लाइड फसली की चेहराही जमिनीवर आदळू शकतो. गुडघ्यांचे पॅड कठीण टोपीचे असावेत, म्हणजे गुडघ्यांवर पडलेला स्वार अडकण्याऐवजी घसरत थांबेल. कुस्तीच्या आखाड्यात हौदाची माती आधी खणून, तेल-हळद-ताक घालून मऊ केली जाते आणि मगच पोराला डाव शिकवला जातो. डांबर तसे मऊ करता येत नसल्याने, ती माती स्वाराला अंगावर बांधून न्यावी लागते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

चाकांची निवडही संरक्षणाचाच भाग आहे, हे नवशिक्याच्या ध्यानात सहसा येत नाही. युरेथेनचा कठीणपणा शोर यांच्या मापपट्टीवर मोजला जातो आणि आकड्यापुढे ए हे अक्षर लिहितात. पंचाहत्तर-अठ्ठ्याहत्तर ए ची चाके मऊ, रस्त्याला घट्ट धरणारी. ऐंशी ते शहाऐंशी ए ची त्यामानाने कठीण आणि लवकर सुटणारी. चाकाची कड धारदार चौकोनी असेल तर पकड जास्त, गोलाकार असेल तर घसर सोपी. म्हणून शिकणाऱ्याला साधारण ७० मिलिमीटर व्यासाची, गोल कडेची, ऐंशी ए च्या आसपासची चाके योग्य ठरतात. आरामात फिरण्यासाठी घेतलेली चौकोनी कडेची मऊ चाके घेऊन स्लाइडचा प्रयत्न केला तर ती सुटत नाहीत, मग अचानक सुटतात, आणि स्वार फळीवरून पलीकडे फेकला जातो. नव्या चाकावरील साच्याची चकचकीत साय झिजेपर्यंत त्याचे वागणेही बेभरवशाचे असते. नेमक्या काटकोनात वारंवार घसरल्याने चाकावर चपटा भाग तयार होतो. तशी चाके धडधडू लागली की बाजूला ठेवावीत. फळी खालच्या बाजूस बसवलेली, म्हणजे ट्रक फळीतून आरपार जोडून जिची उंची कमी केलेली असते अशी असेल, तर गुरुत्वमध्य खाली राहतो आणि पहिल्या घसरी सुकर होतात.

१९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील ला होया येथे सेक्टर नाइन ही कंपनी स्थापन झाली आणि लांब फळ्यांना पुन्हा चांगले दिवस आले. ब्राझीलमध्ये सर्जिओ युपी याच्यासारख्या स्वारांनी हात न टेकवता, उभ्याने, मोठ्या वेगात लांबलचक घसरी घेऊन दाखवल्या आणि उभ्या स्लाइडची वेगळी परंपरा रुजली. वॉशिंग्टन राज्यातील मेरीहिल येथे सॅम हिल याने १९०९ ते १९१३ या काळात बांधवून घेतलेला नागमोडी रस्ता पुढे उतारशर्यतींचे तीर्थस्थान बनला, कारण तो वाहतुकीसाठी बंद ठेवता येतो. ही बाब दुय्यम नाही. वेगाच्या विक्रमांची नावे सर्वांच्या तोंडी असतात, जसे २०१७ मध्ये कॅनडातील केबेक प्रांतात पीटर कॉनली याने गाठलेला ताशी १४६.७३ किलोमीटरचा वेग. परंतु त्या विक्रमामागे चामडी पोशाख, पूर्ण हेल्मेट आणि मोकळा रस्ता उभा असतो. २०१७ मध्ये स्केट आणि स्केटबोर्ड यांच्या आंतरराष्ट्रीय संघटना एकत्र येऊन वर्ल्ड स्केट ही संस्था झाली आणि २०१९ च्या बार्सिलोनातील जागतिक स्पर्धेत उतारशर्यतीलाही स्थान मिळाले. ऑलिंपिकमध्ये मात्र टोकियोपासून स्ट्रीट आणि पार्क हे दोनच प्रकार आहेत.

भारतातील फळीचा इतिहास अद्याप लहान आहे आणि तो उतारापेक्षा उद्यानांत घडला आहे. गोव्यात ब्रिटिश स्केटर निक स्मिथ याने उभारलेले स्केटपार्क, बेंगळुरूत होलीस्टोक्ड या गटाने २०१३ मध्ये बांधलेले पार्क आणि मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात उल्रिके राइनहार्ड या जर्मन महिलेने २०१५ मध्ये जनवार या खेड्यात उभारलेले जनवार कॅसल, हे त्यातील ठळक टप्पे होत. जनवारचे उदाहरण नंदुरबारच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे, कारण तेथे आदिवासी आणि यादव समाजांतील मुले एकाच सिमेंटच्या मैदानावर फळी चालवू लागली, आणि शाळेत न जाणाऱ्याला फळी नाही, असा नियम तेथे होता. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी आहेत. तेव्हा खेळाचे साधन कोणापर्यंत पोहोचते हा प्रश्न येथेही तितकाच लागू आहे. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर, २०२२ मध्ये गुजरातमध्ये झालेल्या ३६ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगमध्ये पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने सुवर्णपदक मिळवले, ही नोंद महत्त्वाची ठरते.

रनाळ्याच्या परिसरातून पाहिले असता या इतिहासाचे एक वेगळेच अंग समोर येते. जुन्या व्यापाऱ्यांनी आणि रेल्वेने टाळलेले उतार आता डांबराने बांधले गेले आहेत : शहाद्याहून तोरणमाळकडे चढणारा सातपायरी घाट, अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारा देवगोई घाट, आणि दक्षिणेला धुळे–सुरत महामार्गावरील कोंडाईबारी घाट. छायाचित्रांत हे रस्ते लाँगबोर्डसाठीच घडवल्यासारखे भासतात. प्रत्यक्षात त्यांवर एस.टी. बसगाड्या, जीपगाड्या आणि मालट्रक चालतात, वळणापलीकडचे दिसत नाही, कडेला वाळू आणि खडी साचलेली असते, आणि स्लाइड घेणाऱ्या स्वाराला रस्त्याची जवळजवळ पूर्ण रुंदी लागते. स्लाइड शिकण्यासाठी हे घाट वापरणे हा शिकण्याचा मार्ग नव्हे.

शिकण्यास हवी ती जागा याहून कितीतरी साधी असते. सौम्य ढाळाचा, गुळगुळीत, कोरडा, वाहतूक बंद असलेला पन्नास-साठ मीटरचा तुकडा, आणि त्याच्या शेवटी पुरेसा सपाट भाग किंवा हलका चढ, म्हणजे काहीही चुकले तरी फळी आपोआप थांबेल. बोरघाटातील कॅच सायडिंगने जे काम केले तेच काम हा शेवटचा सपाट तुकडा करतो. खेड्यांतील नव्या सिमेंटच्या रस्त्यांचा पृष्ठभाग घसरीला बरा असतो; खडी उघडी पडलेला जुना डांबरी रस्ता चाके आणि मोजे झपाट्याने खातो. ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेली मातीची ढेकळे आणि बारीक खडे सरावाआधी झाडून काढणे अगत्याचे आहे. खानदेशी उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, डांबर मऊ पडते आणि युरेथेनही अधिक मऊ होऊन वेगळे वागू लागते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर चाकांची पकड खूपच कमी होते. हिवाळ्यातील सकाळ हा या मुलखात सरावाला सर्वांत योग्य काळ आहे.

क्रम मात्र बदलू नये. आधी सपाट जागेवर ढकलत चालणे आणि तोल. मग फूटब्रेक, तोही चालत्या फळीवर एका पायावर काही सेकंद स्थिर राहता येईपर्यंत. मग सौम्य उतारावर डावी-उजवी लांब वळणे, कारण स्लाइड म्हणजे टोकाला नेलेले वळणच असते. यानंतर धावत्या माणसाच्या वेगाने, खोल बसून, मोज्याचा हात टेकवून टाचेकडील घसर. फळी पूर्ण आडवी न झाली तरी चालते. वेग थोडा उतरला आणि स्वार फळीवरच राहिला, तर ती घसर यशस्वी झाली. नजर पायांकडे गेली की खांदे वळतात आणि फळी अर्धवट अडकते, म्हणून डोळे जाण्याच्या दिशेला ठेवावेत. चवड्याकडील घसर आणि हात न टेकवता घेतलेली उभी घसर यांचा क्रम पुष्कळ नंतर येतो. ज्या वेगात थांबता येत नाही त्या वेगात जाऊ नये, हा नियम या क्षेत्रातील प्रत्येक चांगला शिक्षक पहिल्या दिवशी सांगतो. प्रत्येक सरावापूर्वी ट्रकचे स्क्रू, चाकांचे नट आणि पकच्या पट्ट्या हाताने तपासणे, आणि एकट्याने सराव न करणे, हेही त्याच नियमाचे भाग होत.

खर्चाचा प्रश्न उरतो, आणि रनाळ्यासारख्या गावातील कुटुंबासाठी तो खरा आहे. चांगली फळी महाग असते, तालुक्याच्या बाजारात ती सहसा मिळत नाही, आणि म्हणून पालक बहुधा सर्व पैसे फळीवर घालतात व बाकीचे ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवतात. ज्या घरात दुचाकीसाठीचे आय.एस.आय. शिक्क्याचे पूर्ण हेल्मेट आहे, त्या घरात ते जड असले तरी मापाला बसत असेल तर ते वापरावे. चामडी कामाचे मोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि त्यांवर पक बसवून घेता येतात. शाळा, ग्रामपंचायत किंवा क्रीडा संकुल यांनी सिमेंटचा एक सौम्य उतार आणि चार-पाच संच संरक्षक साधने ठेवली, तर गावातील पुष्कळ मुलांना आळीपाळीने शिकता येईल, आणि घाटात जाण्याचा मोहही कमी होईल. स्वतंत्र खरेदी करणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते : प्रथम हेल्मेट, मोजे आणि गुडघ्यांचे पॅड घ्यावेत, आणि त्यानंतर पैसे उरत नसतील तर फळीची खरेदी पुढच्या वर्षावर टाकावी.